विषाचा जमाखर्च

भारतातल्या शेतकऱ्यांच्या किमान दोन पिढ्या ज्या पावडरीला बीएचसी किंवा गॅमेक्सीन म्हणून ओळखत होत्या, तिचे रासायनिक नाव हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन. भातावर, कापसावर, घरातल्या ढेकणांवर आणि मलेरियाच्या डासांवर ती हात न आखडता धुरळली गेली. १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून १९९७पर्यंत जगभरात सुमारे एक कोटी टन बीएचसी वापरली गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे आणि सर्वांत मोठ्या वापरकर्त्यांत चीन व भारत होते. १९८९-९० या काळात जपानी शास्त्रज्ञांनी जहाजांवरून जगभरच्या समुद्रांतली हवा आणि पाणी तपासले. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांच्यावरच्या हवेत बीएचसी भरपूर सापडली. त्यात नवल नव्हते, कारण फवारणीची शेते जवळच होती. पाण्याचे आकडे मात्र उलटे आले. उष्ण समुद्रांच्या पाण्यात हे रसायन थोडे होते आणि उत्तर ध्रुवाकडच्या बेरिंग आणि चुकची समुद्रांत ते सर्वाधिक होते. त्या बर्फाळ किनाऱ्यांवर भात पिकत नाही, कापूस तर नाहीच. मग तिथे ते पोहोचले कसे, आणि वाटेतल्या उष्ण समुद्रांना वगळून नेमके तिथेच का साचले?

प्रयोगशाळेतला नमुना या प्रश्नाचे उत्तर देत नाही. तो फक्त सांगतो की अमुक ठिकाणी अमुक दिवशी इतके विष होते. ते कुठून आले, किती वेगाने आले, उद्या वाढेल की घटेल, हे सांगायला हिशोब मांडावा लागतो, आणि रासायनिक प्रदूषकांच्या प्रसाराचे संगणकीय मॉडेल म्हणजे मूलतः असा हिशोबच आहे. हवा, पाणी, माती, गाळ, वनस्पती, मासे यांची प्रत्येकी एकेक खाती. प्रत्येक खात्यात किती आले, किती दुसऱ्या खात्यात गेले, किती विघटन होऊन संपले, किती शिल्लक राहिले. पदार्थ नाहीसा होत नाही. एका पानावरून खोडलेली रक्कम दुसऱ्या पानावर निघालीच पाहिजे, नाहीतर ती कोणत्या रासायनिक क्रियेत खर्ची पडली ते लिहून द्यावे लागते. या विषयाला मराठीत सहसा भविष्यवाणीच्या भाषेत सादर केले जाते: ‘संगणकाने भाकीत केले’, ‘मॉडेलने इशारा दिला’. माझ्या मते ही सुरुवातच चुकते. भाकीत म्हणून पाहिले की मॉडेल एकतर खरे ठरते किंवा खोटे, आणि खोटे ठरले की ते टाकून देण्याचा मोह होतो. जमाखर्च म्हणून पाहिले की न जुळणारी बेरीजच सर्वांत उपयोगी ठरते, कारण कुठले खाते आपण उघडलेलेच नव्हते ते तिच्यामुळे कळते. पुढील पानांतला विषय वाचकाने या दुसऱ्या नजरेने पाहावा, एवढेच या प्रस्तावनेत पटवायचे आहे.

हा हिशोब मांडायची सोयीस्कर रीत घडवण्याचे मोठे श्रेय डोनाल्ड मॅके या रासायनिक अभियंत्याला जाते. मूळचे स्कॉटलंडचे, पण कारकीर्द कॅनडात, आधी टोरोंटोत आणि नंतर ट्रेंट विद्यापीठात. त्यांच्यासमोर उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांचा प्रश्न होता. ट्रान्स्फॉर्मर आणि कपॅसिटरमध्ये भरले जाणारे पीसीबी तिथल्या माशांत सापडत होते. कारखान्यांच्या नळ्यांतून येणाऱ्या पाण्याचा हिशोब मांडला तरी तो पुरत नव्हता. सुपीरियर सरोवरातल्या आयल रॉयल बेटावर सिस्किविट नावाचे एक तळे आहे. बेटावर कारखाना नाही, शेती नाही, तरी तिथल्या माशांत पीसीबी होते आणि दक्षिणेकडच्या राज्यांत कापसावर फवारले जाणारे टॉक्झाफीनही होते. म्हणजे हवेचे खाते उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हते. अडचण अशी की हवेत रसायन घनमीटरमागे मोजतात, पाण्यात लिटरमागे, गाळात किलोमागे, आणि या आकड्यांची थेट तुलना केली तर ती अर्थहीन ठरते. गाळात पाण्यापेक्षा हजारपट पीसीबी असले तरी ते गाळातून पाण्याकडे निघालेले असू शकते किंवा पाण्यातून गाळाकडेही. दिशा कळावी म्हणून मॅके यांनी गिल्बर्ट लुईस यांनी १९०१ मध्ये मांडलेली फ्युगॅसिटीची कल्पना १९७९ मध्ये पर्यावरणाच्या कामाला लावली. फ्युगॅसिटी म्हणजे एखाद्या माध्यमातून निसटून जाण्याची रसायनाची ओढ, आणि ती दाबाप्रमाणे पास्कलमध्ये मोजली जाते. गाळ असो, पाणी असो वा हवा, सगळ्यांची ओढ आता एकाच एककात येते. जिथे ती जास्त तिथून जिथे ती कमी तिकडे रसायन जाणार. प्रत्येक माध्यमाची सामावून घेण्याची क्षमता वेगळी असते. पीसीबीसाठी तेलकट, सेंद्रिय द्रव्याची क्षमता पाण्याच्या कैक पट, म्हणून ते माशाच्या चरबीत आणि गाळात जाऊन बसते. ही क्षमता बहुतांशी दोन-चार प्रयोगशाळेतल्या आकड्यांवरून काढता येते: रसायन पाण्यात किती विरघळते, किती बाष्पशील आहे, ऑक्टॅनॉल नावाच्या तेलकट द्रवात पाण्याच्या तुलनेत किती जाते.

मॅके यांनी हिशोबाच्या चार पायऱ्या केल्या आणि त्या चढत्या अवघडपणाच्या आहेत. पहिलीत रसायन बंद पेटीत टाकून ते शेवटी कुठे वाटले जाईल एवढेच विचारायचे. दुसरीत त्याचे विघटन आणि वाऱ्या-पाण्याबरोबर बाहेर जाणे जोडायचे. तिसरीत माध्यमांमधला समतोल साधलेला नाही हे मान्य करायचे, आणि चौथीत काळाबरोबर सगळे बदलू द्यायचे. खरी मेख तिसऱ्या पायरीवर दिसते. पहिल्या पायरीत बेंझिन जवळजवळ सगळे हवेत जाते आणि वाटते की पाण्याची काळजी करायला नको. तिसऱ्या पायरीत तेच बेंझिन हवेत सोडले तर हवेतच राहते, पण पाण्यात सोडले तर त्याचा बराच भाग पाण्यातच अडकून राहतो, कारण पृष्ठभागावरून निसटायला वेळ लागतो. रसायनाच्या गुणधर्माइतकेच ते कोणत्या दारातून आत आले याला महत्त्व आहे. कारखान्याला परवाना देताना ‘हे रसायन उडून जाते’ असे वाक्य अर्जात दिसले तर त्यावर हा पहिला प्रश्न विचारावा: तुम्ही ते सोडता कुठे?

आता बीएचसीकडे परत येऊ. कारखान्यात बनणारी बीएचसी हे अनेक समघटकांचे, म्हणजे अणू तेच पण मांडणी वेगळी अशा रेणूंचे, मिश्रण. त्यात साठ ते सत्तर टक्के अल्फा, दहा-पंधरा टक्के गॅमा आणि त्याहून थोडे बीटा. कीटक मारण्याची शक्ती गॅमात, ज्याला पुढे शुद्ध करून लिंडेन म्हणू लागले. बाकीचे फुकट ओझे. तमिळनाडूत वेल्लार नदीच्या खोऱ्यात भारतीय आणि जपानी संशोधकांनी भातखाचरांचा हिशोब मांडला आणि तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतात टाकलेल्या बीएचसीपैकी सुमारे ९९.६ टक्के हवेत गेली. नदीमार्गे खाडीत पोहोचली ती सुमारे ०.४ टक्के. उष्ण कटिबंधातल्या साचलेल्या, तापलेल्या पाण्यावरून ती अक्षरशः उडून गेली होती. पुढे ती वाऱ्याबरोबर उत्तरेकडे सरकते, थंडी लागली की खाली उतरते, ऊन तापले की पुन्हा उठते, आणि अशा टप्प्याटप्प्यांनी अखेर अशा ठिकाणी पोहोचते जिथून उठण्याइतके ऊन नसते. फ्रँक वानिया आणि मॅके यांनी १९९०च्या दशकात ही प्रक्रिया पृथ्वीला अक्षवृत्तांच्या पट्ट्यांत विभागणाऱ्या मॉडेलमध्ये बसवली. अल्फा बीएचसीच्या बाबतीत थंड पाण्याचे आणखी एक वैशिष्ट्य कामाला आले: शून्य अंशाजवळचे पाणी तिला उष्ण पाण्याच्या तुलनेत कितीतरी घट्ट धरून ठेवते. जपानी जहाजांच्या आकड्यांतली विसंगती इथे विसंगती राहत नाही. हवेत जास्त जिथे उगम, पाण्यात जास्त जिथे थंडी. ध्रुवप्रदेशातल्या लोकांनी काही न फवारता त्याची किंमत मोजली, हे पीसीबीच्या बाबतीत तर १९८९ मध्येच दिसले होते. उत्तर क्वेबेकमधल्या इनुइट मातांच्या दुधात पीसीबीचे प्रमाण दक्षिण क्वेबेकमधल्या मातांच्या सुमारे पाचपट निघाले, कारण त्यांचा आहार समुद्री सस्तन प्राण्यांच्या चरबीवर अवलंबून होता.

जमाखर्च खरा असेल तर आवक थांबल्यावर खाते उलटे फिरले पाहिजे. १९८३ मध्ये चीनने बीएचसी बंद केली. १९९०च्या आसपास भारतातला शेतीतला वापर आवळला गेला, सोव्हिएत संघातही तो थांबला, आणि भारताने १९९७ मध्ये तिच्यावर पूर्ण बंदी घातली. ध्रुवीय हवेतली अल्फा बीएचसी दोन टप्प्यांत घसरली आणि ते टप्पे या निर्णयांशी जुळले. दिल्लीतल्या एका शासकीय आदेशाचा परिणाम आर्क्टिकच्या हवेत काही वर्षांत मोजता येतो, ही गोष्ट धोरणे आखणाऱ्यांना फारशी ठाऊक नसावी. त्याहून गमतीची गोष्ट पुढची. हवा स्वच्छ होत गेली, पण समुद्रात जुना साठा होताच. फ्युगॅसिटीचा हिशोब मांडला तर एक वेळ अशी येते की पाण्यातली निसटण्याची ओढ हवेतल्या ओढीपेक्षा जास्त होते आणि समुद्र रसायन परत देऊ लागतो. १९९३ मध्ये बेरिंग आणि चुकची समुद्रांवर घेतलेल्या नमुन्यांत टेरी बिडलमन आणि सहकाऱ्यांना नेमके हेच दिसले: कर्ज घेणारा सावकार झाला होता. नुसते ‘प्रमाण किती’ हे विचारत राहिले असते तर हा बदल कुणाच्या लक्षात आला नसता, कारण पाण्यातली एकूण मात्रा तेव्हाही हवेपेक्षा खूपच जास्त होती.

आणि बीटा? रासायनिक सूत्र तेच, अणू तितकेच, फक्त मांडणी वेगळी. अल्फासाठी जमणारा हवेचा हिशोब बीटाला लावला तर आर्क्टिकमध्ये तिने अल्फाबरोबरच यायला हवे होते आणि बरोबरच ओसरायला हवे होते. तसे झाले नाही. बीटा उशिरा आली आणि तिची मोठी आवक पॅसिफिकच्या बाजूने, बेरिंगच्या सामुद्रधुनीतून झाल्याचे दिसले. बीटाची पाण्यातून हवेत जाण्याची प्रवृत्ती अल्फाच्या मानाने खूपच कमी. त्यामुळे आशियातून निघालेली बीटा उत्तर पॅसिफिकवर पावसाबरोबर खाली आली, पाण्यात राहिली आणि प्रवाहांबरोबर सावकाश उत्तरेला गेली. वाऱ्याने दिवसांत होणारा प्रवास समुद्राने वर्षांत केला. हवेवरच भर देणाऱ्या मॉडेलमधली ही न जुळणारी बेरीज होती, आणि तिच्यामुळेच समुद्रप्रवाहांचे खाते ठळक झाले. माणसाच्या शरीरात सर्वाधिक काळ टिकणारी बीएचसी ही बीटाच असल्यामुळे हा किरकोळ तपशील नाही.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो विज्ञानाच्या अभ्यासकांनीच घेतलेला आहे. १९९४ मध्ये नेओमी ओरेस्केस आणि दोन सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात असा युक्तिवाद केला की भूविज्ञान आणि पर्यावरणातली मॉडेले सिद्ध करताच येत नाहीत. निसर्ग ही बंद व्यवस्था नाही. मॉडेलचे उत्तर निरीक्षणाशी जुळले तरी वेगळ्या गृहीतांवरचे दुसरे मॉडेलही तितकेच जुळू शकते, आणि दोन चुका परस्परांना झाकून बरोबर उत्तर देऊ शकतात. हा आक्षेप मला मान्य आहे. तो टाळून या विषयावर लिहिणे अप्रामाणिक होईल. पण त्यातून जे निष्कर्ष काढले जातात ते सगळे त्यातून निघत नाहीत. सिद्ध न होणे म्हणजे तपासता न येणे नव्हे. अल्फा बीएचसीचे रेणू उजव्या आणि डाव्या हातासारखे आरशातल्या प्रतिमेच्या दोन रूपांत असतात. कारखान्यात दोन्ही निम्मे निम्मे बनतात. पण माती आणि पाण्यातले जिवाणू एका रूपाला दुसऱ्यापेक्षा जास्त वेगाने खातात, त्यामुळे पाण्यात बराच काळ राहिलेल्या साठ्यात तोल बिघडतो. बेरिंग आणि चुकची समुद्रांवरच्या हवेत हा बिघडलेला तोल आढळला, म्हणजे ते रेणू ताजे वाऱ्यावर आलेले नसून समुद्रातून वर आलेले होते. फ्युगॅसिटीचा हिशोब मांडताना या गुणधर्माचा कुठेही उपयोग केलेला नव्हता. म्हणजे ज्या साक्षीदाराला हिशोबनीस ओळखतही नव्हता त्याने तीच गोष्ट सांगितली. ओरेस्केस यांच्या तर्काने हीही ‘सिद्धता’ नव्हे, पण धोरण आखायला यापेक्षा जास्त पुरावा क्वचितच हाताशी असतो.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे: संगणक आकडे दशांश चिन्हापुढे चार घरांपर्यंत देतो आणि त्या अचूकतेच्या देखाव्याला लोक भुलतात. याचे सर्वांत बोलके प्रकरण अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या कॅम्प लेझून या मरीन सैनिकांच्या तळाचे. तिथे टारावा टेरेस भागातल्या विहिरींत जवळच्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानातून पीसीई हे द्रावक भूजलातून झिरपत होते. हॅडनॉट पॉइंट भागात इतर द्रावके आणि इंधन. १९८५ मध्ये सर्वाधिक दूषित विहिरी बंद झाल्या. पण प्रश्न होता त्याआधीच्या तीन दशकांचा, कारण १९८२ पूर्वीची मोजणी जवळजवळ नव्हतीच. तळावर जन्मलेल्या मुलांच्या आजारांचा अभ्यास करायचा तर कोणत्या महिन्यात नळाला किती पीसीई येत होते ते हवे होते. विषारी द्रव्यांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन शासकीय संस्थेने, म्हणजे एटीएसडीआरने, भूजलप्रवाहाच्या मॉडेलने भूतकाळाची पुनर्रचना केली आणि २००७ मध्ये सांगितले की टारावा टेरेसच्या पाण्यात पीसीई लिटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपुढे नोव्हेंबर १९५७ पासून फेब्रुवारी १९८७ पर्यंत होते. नोव्हेंबर १९५७! विहिरींचे उपशाचे वेळापत्रक अंदाजाने भरलेले, दुकानातून किती द्रव झिरपला ते अंदाजाने, आणि उत्तर महिन्याच्या नावासह. २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने यावर टीका केली. द्रावक पाण्यापेक्षा जड असल्याने ते वेगळ्या थेंबांच्या रूपात खाली बुडते, हा भाग मॉडेलमध्ये नव्हता. महिन्यावारी आकडे खोट्या अचूकतेचा आभास देतात, असे तिचे म्हणणे होते. टीका रास्त होती. पण त्यापुढे जाऊन परिषदेने जे सुचवले, म्हणजे आणखी मॉडेलिंगवर वेळ न घालवता पुढे जावे, त्यात एक गोष्ट सुटली. सैनिकांच्या कुटुंबांना महिना महत्त्वाचा नव्हता. वर्षे महत्त्वाची होती. एटीएसडीआरने पुढे हॅडनॉट पॉइंटचा हिशोब मांडला आणि ऑगस्ट १९५३ पासून तिथले पाणी मर्यादेबाहेर होते असे दाखवले. २०२२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा केला तेव्हा १ ऑगस्ट १९५३ ते ३१ डिसेंबर १९८७ या काळात किमान तीस दिवस तळावर राहिलेल्यांना दाद मागण्याचा हक्क मिळाला. महिन्याच्या अचूकतेबद्दल परिषद बरोबर होती आणि तीन दशकांच्या व्याप्तीबद्दल मॉडेल उपयोगी होते. दोन्ही एकाच वेळी खरे असण्यात अडचण नाही. अचूकता किती हवी हे प्रश्नावर ठरते, आणि ते आधी न विचारता मॉडेलला दोष देणे सोपे जाते.

तिसरा आक्षेप आपल्याकडे सर्वाधिक ऐकू येतो आणि मला तो सर्वांत जास्त पटतो. मॉडेल हे प्रदूषण करणाऱ्याचे हत्यार झाले आहे, मोजणी टाळायची पळवाट झाले आहे. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली प्रकल्पाच्या अहवालात हवेचे मॉडेल जोडावे लागते. चिमणीतून जाणाऱ्या वायूंची जमिनीजवळ किती भर पडेल ते मॉडेलने काढायचे, आधीच्या पातळीत मिळवायचे आणि बेरीज मानकाखाली आहे असे दाखवायचे. आधीच्या पातळीची मोजणी सामान्यतः पावसाळा सोडून एका ऋतूची. कोकणाबाबत याचा विचार करा. वर्षाचे चार महिने हवेतले द्रव्य पाऊस जमिनीवर आणून टाकतो. तोच काळ हिशोबाबाहेर. तळोज्याची कासार्डी नदी, लोटे-परशुरामच्या खालची वाशिष्ठी, या नद्या काही अंतरावर खाड्या होतात, भरतीला पाणी उलटे येते आणि नदी एकाच दिशेने वाहते असे गृहीत धरणारे साधे मॉडेल तिथे कामाचे नाही. अशा अहवालातली मॉडेले चुकीची आहेत असे म्हणणे अपुरे आहे. ती फक्त एक प्रश्न विचारतात, ‘परवानगी मिळेल का?’, आणि त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते. पण दोष हिशोबाच्या वहीचा नाही, ती कोणाकडे आहे याचा आहे. कारखान्याच्या सल्लागाराने भरलेला जमाखर्च तपासायला गावाकडे, नगरपालिकेकडे किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे स्वतःचा जमाखर्च नसेल तर बोलणे भावनेवर येते आणि भावना बहुतेक वेळा हरते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१० मध्ये दिल्लीत ‘सफर’ ही हवेच्या गुणवत्तेच्या अंदाजाची प्रणाली सुरू केली आणि पुढे ती पुणे व मुंबईतही आली. निदान तिथे मॉडेल आणि मोजणीचे फलक एकत्र उभे राहिले, आणि रोजच्या रोज दोघांना परस्परांसमोर उभे राहावे लागते.

मॉडेल कुठे पूर्णपणे फसले तेही सांगायला हवे. फ्युगॅसिटीची सारी रचना बाष्पशील, विद्युतभार नसलेल्या, चरबीत मिसळणाऱ्या रेणूंसाठी झाली. अग्निशामक फेस आणि कपड्यांचे लेप यांत वापरली जाणारी पीएफओएससारखी फ्लोरिनयुक्त रसायने या साच्यात बसत नाहीत: ती पाण्यात आयनरूपाने राहतात, हवेत जवळजवळ जात नाहीत, चरबीपेक्षा रक्तातल्या प्रथिनांना चिकटतात. जुन्या हिशोबाने ती ध्रुवापर्यंत जायला नको होती. २००१ मध्ये ती ध्रुवीय अस्वलांसह जगभरच्या वन्यप्राण्यांत सापडली. मग दोन वाटा पुढे आल्या: बाष्पशील पूर्वरूपे हवेतून जाऊन तिथे त्यांचे रूपांतर होणे, आणि समुद्रप्रवाहांतून थेट वाहून येणे. बीटा बीएचसीचा धडा इथे पुन्हा वापरात आला. स्टॉकहोम कराराच्या निकषांत दूरगामी प्रसार ओळखायला ‘हवेतले अर्धे आयुष्य दोन दिवसांपेक्षा जास्त’ असा एक आकडा आहे, आणि तो हवेचा प्रवास मनात धरून ठेवलेला आहे. समुद्रातून हळूहळू जाणाऱ्या रसायनाला तो आकडा काहीच सांगत नाही. करारात इतर पुरावाही चालतो, म्हणूनच पीएफओएस २००९ मध्ये यादीत जाऊ शकले. पण अशा रसायनांवर निर्णय घेताना केवळ ‘दोन दिवस’ तपासणारा अधिकारी फसेल.

बीएचसीचा हिशोबही अजून बंद झालेला नाही. एक टन लिंडेन बनवताना आठ ते बारा टन निकामी समघटक मागे राहतात, आणि उत्तर प्रदेशात लखनौच्या परिसरात अशा कचऱ्याचे ढीग आढळले आहेत. उघड्यावर, पावसात. त्यात आर्क्टिक तापत चालले आहे आणि तिथे साठलेली जुनी रसायने बर्फ व पाण्यातून पुन्हा हवेत जात असल्याचे २०११ मध्ये ध्रुवीय हवेच्या दीर्घकाळच्या नोंदींतून दाखवले गेले. आवकेच्या बाजूला आता कोणत्याही कारखान्याचे किंवा शेतकऱ्याचे नाव लावता येत नाही. जुना कचरा, जुनी माती, जुना समुद्र यांचा मोठा वाटा आहे. या साठ्यांतून मोसमी पावसात किती झिरपते, किती उडते, तापलेल्या मातीत जिवाणू त्यातले किती संपवतात, यासाठी आपल्याच मातीतले नमुने मृगाआधी, पावसात आणि दिवाळीनंतर असे निदान काही वर्षे घ्यावे लागतील. पुढच्या प्रकरणांतल्या समीकरणांत या आकड्यांसाठी जागा आहेत. सध्या तिथे बहुतेक ठिकाणी थंड प्रदेशांतल्या प्रयोगशाळांकडून उसने घेतलेले आकडे बसवलेले दिसतील.